आंदणाचा फ्रिज आणि महिन्याचे बिल

ईस्टरचा सण उरकला, की आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात लग्नसराई सुरू होते. उपवासकाळात थांबून राहिलेल्या सोयरिकी पुढे सरकतात. मृग बहाराच्या संत्र्यांचा पैसा नुकताच हाती पडलेला असतो. बाजारातील विजेच्या सामानाच्या दुकानांपुढे फ्रिज, कूलर व कपडे धुण्याची यंत्रे ओळीने मांडली जातात. मुलीचा बाप, मामा आणि एखादा जाणता शेजारी दुकानात शिरतात, फ्रिजचे दार उघडून पाहतात, रंग पाहतात, भाव करतात आणि वस्तू टेम्पोत घालून गावी नेतात. फ्रिजच्या दारावर चिकटवलेला ताऱ्यांचा कागद त्यांपैकी क्वचितच कोणी वाचतो. ज्या मुलीसाठी ही खरेदी चालली असते ती बहुधा घरीच असते, आणि पुढे दहा-बारा वर्षे त्या फ्रिजचे वीजबिल जो भरणार, तो जावई तर दुसऱ्याच गावी असतो.

लग्नापूर्वी मार्गदर्शनासाठी जी जोडपी आमच्याकडे येतात, त्यांच्याशी प्रार्थना, परस्पर निष्ठा, मुलांचे संगोपन यांविषयी बोलणे होते, तसेच संसाराच्या जमाखर्चाविषयीही होते. गेली काही वर्षे आम्ही त्यांना आणखी एक प्रश्न विचारीत आलो आहो. नव्या घरात जी यंत्रे येणार, ती वीज वाचविणारी घेणार की स्वस्तातली? आणि वाचविणारी घेणार असाल, तर कशासाठी? त्यांच्या उत्तरांतून आम्हांस जे उमगले, ते येथे मांडण्याचा विचार आहे. कारण हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही.

प्रथम त्या कागदाविषयी. सन २००१ मध्ये ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला आणि त्यान्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. या संस्थेने २००६ साली यंत्रांना तारे देण्याची पद्धत सुरू केली. तारे एकापासून पाचापर्यंत असतात. जितके तारे अधिक, तितकी तेवढ्याच कामासाठी वीज कमी लागते. आरंभी ही पद्धत ऐच्छिक होती. २०१० पासून खोली थंड करणाऱ्या एअर कंडिशनरांस आणि बर्फ न साचणाऱ्या मोठ्या फ्रिजांस ती सक्तीची झाली, तर छताच्या पंख्यांस २०२३ च्या जानेवारीपासून. फ्रिजवरील कागदावर ताऱ्यांखाली आणखी एक आकडा असतो. ते यंत्र वर्षाला किती युनिटे वीज घेईल, हे तो सांगतो. तारे ही त्या यंत्राच्या जातीतील प्रतवारी आहे. युनिटांचा आकडा हा तुमच्या खिशाचा हिशेब आहे. पाच ताऱ्यांचा भला थोरला फ्रिज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा अधिक वीज घेऊ शकतो. म्हणून जाणत्याने तारे पाहावे, पण आकडा आधी वाचावा.

आता तरुणांच्या उत्तरांकडे वळू. आमच्यापुढे बसलेला तरुण पहिले उत्तर बहुधा पर्यावरणाचे देतो. शाळेत त्याने ते वाचलेले असते, आणि समोर धर्मगुरू बसलेले असतात. हे उत्तर खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. एप्रिल-मे महिन्यांत या भागात सूर्य जो आग ओकतो, ती अंगावर घेत ही मुले वाढली आहेत. पाऊस लांबला म्हणजे संत्र्याच्या बागेचे काय होते, हेही त्यांनी पाहिले आहे. तथापि तेच उत्तर देणारा तरुण महिन्याभराने दुकानात गेला, की सर्वांत स्वस्त पंखा उचलतो. मनातील चांगला विचार आणि हातातील खरेदी यांत एवढे अंतर का पडावे?

इसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. माणूस एखादी गोष्ट करील की नाही, हे त्यांच्या मते तीन बाबींवर ठरते: त्या गोष्टीकडे पाहण्याची त्याची स्वतःची दृष्टी, आपल्या माणसांना ती रुचेल की नाही याविषयीचा त्याचा अंदाज, आणि ती करणे आपल्या हातात आहे असा विश्वास. तिन्ही जुळल्या तर निश्चय होतो. आमच्या तरुणांपाशी यांतील पहिली बाब पुष्कळ अंशी आहे. अडते ते दुसऱ्या व तिसऱ्या ठिकाणी. मन तयार असते, पण चारचौघे काय म्हणतील ही धास्ती असते. आणि पुष्कळदा खरेदी त्याच्या हातातच नसते.

मग ज्यांनी खरोखर वीज वाचविणारी वस्तू घेतली, त्यांनी ती कशाने घेतली? आमच्या पाहण्यात पहिले कारण आले ते असे, की बिल त्यांच्या हातात आले होते. पूर्वी विजेचे बिल घरातील वडीलधाऱ्यांच्या नावे येई आणि खुंटीला अडकवलेल्या तारेत ओवले जाई. मुलगा कमावता झाला तरी ते त्याच्या नजरेस पडत नसे. आता बिल मोबाइलवर येते आणि मोबाइलवरूनच भरले जाते, आणि हे काम ओघानेच घरातल्या तरुणाकडे आले आहे. दर महिन्यास आकडा डोळ्यांसमोर आला, की जो विचार उपदेशाने सुचत नाही तो आपोआप सुचू लागतो.

त्यात आमच्या राज्याची एक विशेष गोष्ट आहे. मध्य प्रदेशात २०१९ पासून एक सवलत चालत आली आहे. आरंभी तिला इंदिरा गृहज्योती म्हणत, पुढे अटल गृहज्योती हे नाव पडले. ज्या घराचा वापर महिन्याला १५० युनिटांच्या आत राहतो, त्याला पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपये पडतात आणि वरच्या युनिटांस नेहमीचा दर लागतो. परंतु वापर १५० युनिटांच्या पलीकडे गेला, की त्या महिन्याची सवलतच जाते. म्हणजे रोजचा हिशेब ५ युनिटांचा. पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला, राज्याच्या नकाशात फेरफार झाला. पण आमच्या गरीब घरांच्या नकाशातील खरी सीमारेषा ही १५० युनिटांची आहे. तिच्या अलीकडचे घर आणि पलीकडचे घर यांच्या बिलांत काहीशे रुपयांचा फरक पडतो, मग ओलांडलेली युनिटे चार का असेनात.

बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा एक तरुण आम्हांस ठाऊक आहे. लग्नापूर्वी त्याच्या घरचा वापर १३५-१४० युनिटांच्या आसपास असे. सासऱ्यांनी हौसेने दोन दारांचा मोठा फ्रिज आंदणात दिला. अशा फ्रिजला महिन्याला वीस-पंचवीस युनिटे सहज लागतात. घराने ती रेषा ओलांडली. तो आम्हांस म्हणाला, “फादर, फ्रिज फुकटात आला, पण दर महिन्याले पैसे मागते.” ज्या अर्थशास्त्रासाठी पंडित मोठाले ग्रंथ लिहितात, ते त्याने एका वाक्यात सांगितले.

पुढे त्याने जे केले तेही सांगण्याजोगे आहे. फ्रिज परत करणे शक्य नव्हते; सासऱ्यांचा मान होता. त्याने घरातील इतर वस्तूंचा हिशेब मांडला. घरात तीन जुने पंखे होते. जुना साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. अलीकडे ज्यांना बी.एल.डी.सी. पंखे म्हणतात ते पूर्ण वेगातही ३० वॅटच्या आसपास घेतात. त्यांच्या मोटारीत घासणारे ब्रश नसतात, फिरणाऱ्या भागात चुंबक बसविलेले असते, आणि वेग आवरण्याचे काम इलेक्ट्रॉनिक पाटी करते. त्यामुळे वीज उष्णतेत वाया जाण्याचे प्रमाण बरेच घटते. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला साधारण १६ युनिटे वाचतात. त्याने दोन पंखे बदलले. महिन्याची ३२ युनिटे कमी झाली, आणि घर पुन्हा रेषेच्या अलीकडे आले. प्रत्येक पंख्यास साध्या पंख्याहून हजार-बाराशे रुपये अधिक पडले होते. युनिटामागे सरसकट ६ रुपये धरले आणि वर्षातून नऊ महिने पंखा चालतो असे मानले, तरी एका पंख्यामागे वर्षाला साडेआठशे रुपयांहून अधिक वाचतात. वाचलेली सवलत तर याहून निराळी. दीड वर्षात अधिक दिलेला पैसा परत आला, आणि पंखा त्यापुढेही फिरतोच आहे.

या उदाहरणात एक मूळ गोष्ट दडलेली आहे. वस्तू घेणारा आणि बिल भरणारा हे जेथे एकच असतात, तेथे तरुण आपोआप शहाणपणाने वागतो. ते दोघे जेथे वेगळे होतात, तेथे उत्तम मनाचा माणूसही चुकीची वस्तू घेतो. शहरात भाड्याच्या घरांबाबत असेच घडते: पंखा मालक बसवितो, बिल भाडेकरू भरतो, म्हणून मालक सर्वांत स्वस्त पंखा बसवितो. आमच्या खेड्यांत भाडेकरू थोडे. पण आंदणाच्या प्रथेने आम्ही तीच अडचण घरोघरी आणून ठेवली आहे. बाप घेतो ते मांडवात दिसावे म्हणून. वस्तू जितकी मोठी व चकचकीत, तितकी बापाची इभ्रत मोठी. युनिटांचा आकडा मांडवात कोणी वाचत नाही.

सौंसरकडील एका खेड्यातील मुलीने मात्र तो वाचला. ती महिला बचत गटाची वही लिहीत असे, त्यामुळे आकड्यांशी तिची मैत्री होती. वडिलांची संत्र्याची थोडी बाग. आंदणात दोन दारांचा फ्रिज, मोठा टी.व्ही. आणि कपडे धुण्याचे यंत्र द्यावयाचे त्यांनी ठरविले होते. त्यासाठी झाडावरचा पुढचा बहार व्यापाऱ्यास आताच देऊन टाकण्याची बोलणी चालू होती. आमच्या शेतकरी वाचकांस याचा अर्थ सांगावयास नको. फळ अजून हिरवे असताना झालेला सौदा बहुधा व्यापाऱ्याच्याच फायद्याचा ठरतो, आणि मग वर्षभर घर हात आखडून जगते. मुलीने होणाऱ्या नवऱ्याकडून त्याच्या घराची गेल्या वर्षाची बिले मोबाइलवर मागवून घेतली, कागदावर हिशेब मांडला आणि तो वडिलांपुढे ठेवला. एका दाराचा, पाच ताऱ्यांचा लहान फ्रिज आणि तीन चांगले पंखे, एवढेच तिला हवे होते.

वडील रागावले. “लोक काय म्हणतील? पोरीच्या आंदणात पंखे देते का कोणी?” असे ते म्हणाले. मुलगी म्हणाली, “बाबा, लोक एक दिवस पाहतीन. बिल तं मलेच भराव लागन ना.” चार दिवस घरात अबोला होता. प्रकरण आमच्यापर्यंत आले ते त्या बापाच्या तक्रारीच्या रूपाने. मुलगी आपल्या मनासारखा मोठेपणा करू देत नाही, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. आम्ही त्यांस एवढेच विचारले, की बहार झाडावर राहिला तर धाकट्याच्या शिक्षणाची फी कोठून भराल, आणि तो आता विकला तर कोठून भराल? ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी फ्रिज लहान आला, पंखे आले, टी.व्ही. आला नाही, आणि बहार त्यांनी तोडणीच्या वेळी विकला. लग्नात दोन-चार जणांनी नाके मुरडली. ती जेवणावळ उठेपर्यंतच टिकली.

या गोष्टीचा पुढचा भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. मुलीच्या सासरी ते पंखे लागले, तेव्हा सासूबाईंचा कल काही अनुकूल नव्हता. पण उन्हाळ्यात रात्री वीज गेली आणि त्यांच्या घरचा पंखा इन्व्हर्टरवर पहाटेपर्यंत फिरत राहिला. शेजारचा साधा पंखा तशाच बॅटरीवर मध्यरात्रीच थांबला होता. पंखा वीज थोडी घेतो म्हणून बॅटरी अधिक वेळ पुरते, यात चमत्कार काही नाही. परंतु शेजारीण दुसऱ्या दिवशी विचारायला आली. वर्षभरात त्या गल्लीत आणखी तीन घरांनी तसे पंखे घेतले. त्यांतील एकाही घरी कोणी भाषण दिले नव्हते.

शेजाऱ्याचा हा प्रभाव किती प्रबळ असतो, याविषयी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. जेसिका नोलन, रॉबर्ट चाल्डिनी आदी संशोधकांनी लोकांस विचारले, की तुम्ही वीज वाचविता ती कशासाठी? लोकांनी पर्यावरण, समाजहित व पैशाची बचत ही कारणे वर ठेवली आणि ‘शेजारी वाचवितात म्हणून’ हे कारण सर्वांत शेवटी ठेवले. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या वागणुकीशी सर्वांत घट्ट संबंध याच शेवटच्या कारणाचा आढळला. माणसास आपण स्वतंत्र बुद्धीने चालतो असे वाटते. पण त्याचे पाय शेजाऱ्याच्या पावलांवर पडत असतात. आंदणात मोठा फ्रिज देण्याची चढाओढ याच स्वभावातून वाढली, आणि बचतीचा पंखा गल्लीत पसरला तोही याच स्वभावातून. स्वभाव एकच, तो कोणत्या वाटेस लावावयाचा, हे मात्र माणसाच्या हातात आहे.

आणखी एक कारण सांगताना तरुण थोडे लाजतात. नवे पंखे रिमोटवर चालतात. रात्री अंथरुणातून न उठता वेग कमी-अधिक करता येतो. एक नवविवाहित तरुण आम्हांस मोकळेपणाने म्हणाला, की पंखा घेतला तो रिमोटसाठी, बचतीचे नंतर कळले. आम्हांस हसू आले, पण त्यात वावगे काहीच नाही. सोयीच्या मोहाने का होईना, चांगली वस्तू घरात आली. तिचा खरा गुण पहिल्या बिलासोबत कळला. वीज वाचविणारी वस्तू म्हणजे काहीतरी कमीपणाची, अंधुक उजेडाची, मंद वाऱ्याची, ही जुनी समजूत जेथे मोडते, तेथे तरुणाचा हात आपोआप पुढे होतो.

एल.ई.डी. दिव्यांच्या बाबतीत हेच घडले. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने उजाला योजना सुरू केली. एकाच वेळी प्रचंड संख्येने दिवे खरेदी केल्यामुळे त्यांचा भाव उतरला. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ज्या एका दिव्यास ३१० रुपये पडत, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांना मिळू लागला. या योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. जुना ६० वॅटचा पिवळा दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटे घेई. ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा तेवढाच उजेड दीड युनिटाहून कमी विजेत देतो. आज आमच्या एकाही खेड्यात पिवळा दिवा शोधून सापडणे कठीण झाले आहे. किंमत आवाक्यात आली, उजेड पांढराशुभ्र पडला, बदलण्यास मिस्त्री लागला नाही आणि शेजाऱ्याकडे तो आधीच दिसला. आयझेन यांनी सांगितलेल्या तिन्ही बाबी तेथे एकत्र आल्या.

फ्रिजचे तसे नाही, आणि येथे आम्हांस प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समजा, एका फ्रिजवरील आकडा वर्षाला २०० युनिटांचा आहे, आणि त्याच आकाराच्या दुसऱ्यावर १३० युनिटांचा. फरक ७० युनिटांचा, म्हणजे ६ रुपयांच्या दराने ४२० रुपयांचा. दुसऱ्या फ्रिजला तीन हजार अधिक पडत असतील, तर ते परत यावयास सात वर्षे लागतात. फ्रिज दहा-बारा वर्षे टिकतो, म्हणून सौदा वाईट नाही. पण ज्याच्या हातात आज तीन हजार नाहीत, त्याला सात वर्षांनंतरची बचत सांगणे सोपे, त्याने ती ऐकणे कठीण. जेरी हॉसमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७९ साली एअर कंडिशनरांच्या खरेदीचा अभ्यास केला. त्यात असे दिसले, की लोक उद्याच्या बचतीस फार थोडे मोल देतात, आणि उत्पन्न जितके कमी तितके हे मोल अधिकच घटते. यात गरिबाचा मूर्खपणा नाही. ज्याचा आजचा दिवस निभत नाही, त्याला उद्याचे नफे परवडत नाहीत. परिणाम मात्र उलटा होतो: ज्याला बचतीची सर्वांत अधिक गरज, तोच सर्वांत खर्चिक यंत्र घरी आणतो.

या बाबतीत आमच्या शेतकरी घरांस एक संधी आहे, तिकडे लक्ष वेधावेसे वाटते. पगारदारास पैसा महिन्याला मिळतो आणि बिलही महिन्याला येते. शेतकऱ्यास पैसा पिकाच्या वेळी एकरकमी मिळतो, आणि बिल मात्र कोरड्या महिन्यांतही चुकत नाही. म्हणून हाती पैसा असताना दोन हजार अधिक देऊन महिन्याचा भार हलका करून ठेवणे, हे पगारदारापेक्षा शेतकऱ्यासच अधिक शहाणपणाचे ठरते. धान्याची कोठी भरावी तशीच ही बेगमी आहे. जो तरुण कारखान्यात कामाला आहे आणि हप्त्यावर वस्तू घेतो, त्याने हप्त्याची रक्कम आणि वाचणारी वीज एकाच कागदावर लिहावी. म्हणजे दुकानदाराच्या ‘फक्त एवढाच हप्ता’ या शब्दांची भुरळ पडणार नाही.

दुरुस्तीची भीतीही खरी आहे. साधा पंखा बिघडला तर गावातील मिस्त्री कंडेन्सर बदलून देतो. नव्या पंख्याची इलेक्ट्रॉनिक पाटी जळाली, तर गावात तिचा उपाय नसतो. पुष्कळदा नागपूरकडे पाहावे लागते. वीज कमी-जास्त दाबाने येणाऱ्या खेड्यात ही शंका रास्त आहे. म्हणून घेण्यापूर्वी दुकानदारास हमी किती वर्षांची, आणि बिघडल्यास माणूस कोठून येईल, हे विचारावे, आणि हमीचा कागद व पावती जपून ठेवावी. ज्या दुकानदाराने ही जबाबदारी पत्करली, त्याच्याकडे तरुण चार पैसे अधिक मोजूनही जातात, असा आमचा अनुभव आहे.

एक धोक्याची सूचनाही देणे भाग आहे. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज विचारवंताने १८६५ साली दाखवून दिले होते, की वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली तेव्हा इंग्लंडात कोळसा कमी जळण्याऐवजी अधिकच जळू लागला. कारण यंत्र स्वस्तात चालते म्हणून यंत्रेच वाढली. आमच्याकडेही एल.ई.डी. दिवा आल्यावर अंगणातील दिवा रात्रभर जळू लागला आहे. पाच तारे म्हणजे वाटेल तितके चालविण्याचा परवाना नव्हे. आमच्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यात सारणी येथे सातपुडा औष्णिक केंद्र आहे. तेथे कोळसा जळतो तेव्हा वीज होते. आमच्याच परासिया भागातील खाणींत माणसे जमिनीखाली उतरून कोळसा काढीत आली आहेत. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कितीही ताऱ्यांचा असो, त्यामागे कोणाचा तरी घाम आणि कोठला तरी धूर आहेच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात मोठमोठ्या प्रश्नांची चर्चा करताना, नको असलेला दिवा मालविण्यासारख्या घरगुती कृतीचाही उल्लेख केला आहे. इतक्या लहान गोष्टीस तेथे जागा मिळाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आईबापांनो, येत्या लग्नसराईत आपणांकडे आमचे मागणे थोडके आहे. दुकानात जाण्यापूर्वी दोन्ही घरांची वर्षभराची बिले एकत्र घेऊन बसा. मुलीला विचारा, जावयाला विचारा. जो बिल भरणार त्याच्या हाती निवड द्या. सुवार्तेतील बुरूज बांधणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. फ्रिज हा बुरुजाहून लहान असला तरी नियम तोच आहे. आधी दिवे, मग पंखे, मग फ्रिज, हा क्रम धरा, कारण पैसा याच क्रमाने लवकर परत येतो. सारख्याच आकाराचे फ्रिज शेजारी-शेजारी ठेवून त्यांवरील वर्षाच्या युनिटांचे आकडे ताडून पाहा. ताऱ्यांच्या कागदावरील सालही वाचा. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात, आणि जुन्या सालाचे पाच तारे नव्या मापाने कमी भरू शकतात.

आणि तरुणांनो, तुम्ही चांगली वस्तू घेतली असेल तर मिरवा. मिरवण्याची हौस वाईट नाही. ती कशाची असावी, एवढाच प्रश्न आहे. फ्रिजचे दार पाहुण्यांना उघडून दाखविता, तसे महिन्याचे बिलही दाखवा. शेजाऱ्याचे १६० युनिटांचे घर तुमचे पाहून १४० वर आले, तर त्या घरी शाळेची वही किंवा आजारी आजीचे औषध महिन्याच्या अखेरीसही उधारीवर आणावे लागणार नाही. आंदण म्हणून मुलीला द्यावयाचे, ते असे द्या, की तिच्या सासरी ते दर महिन्यास काही मागणार नाही.